हरीण, डुक्कर आणि सातबारा: शेतमालकांना सोबत घेऊन काम करणाऱ्यांनी अनुभव लिहा

बालाघाटकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या मृगात आमच्या शेजारच्या शिवारात एका शेतकऱ्याची दोन एकर सोयाबीन एका रात्रीत गेली. पेरून आठ दिवस झालेले, पीक दोन पानांवर. सकाळी मी पोचलो तेव्हा तो बांधावर उकिडवा बसला होता. डुकरांनी तासाच्या तास (पेरलेल्या ओळीच्या ओळी) नाकानं उकरून काढलं होतं, रानात वखर फिरवल्यासारखं दिसत होतं. खरं तर मी त्याच्याकडे ओढ्याकाठी गवताची पट्टी राखण्याबद्दल बोलायला गेलो होतो. तो विषय काढलाच नाही. पंचनाम्याचा अर्ज लिहिला, त्याच्याबरोबर तालुक्याला गेलो, संध्याकाळी परत आलो. गवताचं बोलणं पुढं दिवाळीनंतर झालं, आणि तेही त्यानंच काढलं.

पाटोदा, आष्टी, भूम या पट्ट्यात मी नऊ वर्षं शेतमालकांना सोबत घेऊन वन्यप्राण्यांसाठी जागा राखायचं काम करतोय. माझी स्वतःची सहा एकर कोरडवाहू आहे, त्यामुळं नुकसान म्हणजे काय ते घरातही माहीत आहे.

आपल्याकडं जंगल मुळातच थोडं. नायगावचं मयूर अभयारण्य जेमतेम ३० चौरस किलोमीटर. येडशीचं रामलिंग घाट त्याहून लहान. गौताळा मोठं, २६० चौरस किलोमीटर, पण ते पार कन्नडकडं. हरीण, रोही (नीलगाय), लांडगा, खोकड, तरस, मोर यांचा बहुतेक मुक्काम तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर, गायरानात, नाहीतर ओढ्याच्या घळीत. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ शेकडो किलोमीटर चालून २०२४ च्या अखेरीस येडशीला आला तो काय सलग जंगलातून आला? तुरीतून, उसातून, लोकांच्या शेतातूनच आला असणार. म्हणून मला वाटतं, वन्यप्राण्यांचं जे काही बरंवाईट व्हायचं ते जमीनमालकाच्या मर्जीनंच होणार आहे.

एक चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये. सुरुवातीच्या काळात एका मालकाला पटवून त्याची ओढ्याकाठची अर्धा एकर जागा तशीच राखली. गवत वाढू दिलं, जनावरांसाठी हाळ बांधला, उन्हाळ्यात टँकरचं पाणी टाकलं. मोर आले, ससे आले, हरणं यायला लागली. आम्ही खूश. पण हरणं पाणी पिऊन वर चढली की पहिला लागायचा तो शेजाऱ्याचा हरभरा. त्याला आम्ही काही विचारलंच नव्हतं. फेब्रुवारीत त्यानं गवत पेटवून दिलं. दोन वर्षांचं काम तासाभरात गेलं, तितराची अंडी जळालेली मी स्वतः उचलली. त्याचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. हरभरा त्याचा होता. आता त्या ओढ्याला ज्यांचे ज्यांचे बांध लागतात ते सगळे एका जागी बसल्याशिवाय मी गवताचं नावही काढत नाही.

दुसरी गोष्ट वेड्या बाभळीची. ओढे-नाले तिनं भरलेत. दिवसभर डुकरं त्या गचपणात पडून राहतात आणि रात्री दोन उड्यांत पिकात. एका गावात सात मालकांनी मिळून ओढ्याची एक बाजू मोकळी केली. जेसीबीनं मुळासकट काढावी लागते, नुसती तोडली तर दुप्पट फुटते. हिवर, करंज, बोर, निंब तसेच ठेवले, मोकळ्या जागेत मारवेल आणि पवन्या गवत लावलं. त्या बाजूच्या शेतांत डुकराचा त्रास कमी झाला. मात्र डुकरं गेली कुठं? काही पुढच्या शिवारातल्या उसात गेली. म्हणजे हे कामही एका गावापुरतं करून भागत नाही.

तुमच्याकडं काय चालू आहे, काय फसलं, काय टिकलं, लिहा.

---

मालदांडी

वैजापूर तालुका. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्याकडं हरणांचे पन्नास-पन्नासचे कळप फिरतात. कापूस, मूग, मका, काही सोडत नाहीत. जेवढं खातात त्याहून जास्त तुडवतात. दुबार पेरणी करायची तर बियाण्याची बॅग कोण देणार? तुम्ही गवत राखा म्हणता. मी सोळा वर्षांचा असल्यापासून जागलीला जातोय, आता माझा मुलगा जातो. बारावीचं वर्ष त्याचं. रात्रभर बॅटरी घेऊन हाकारे द्यायचे आणि सकाळी कॉलेजला. त्याचा हिशोब कुठल्या पंचनाम्यात येतो?

घरातल्या सगळ्या जुन्या साड्या शेताभोवती बांधल्यात. पंधरा-वीस दिवस हरीण बिचकतं, मग सवय होते. डुकराला तर काहीच फरक पडत नाही, खालून घुसतं.

आजोबांच्या काळी रब्बी ज्वारीच्या चहूबाजूंनी करडईचे चार-पाच तास असायचे. काट्यामुळं जनावर आत शिरत नव्हतं. आता काढणीला माणूस मिळत नाही म्हणून करडई बंद झाली.

---

बालाघाटकर

मालदांडी दादा, राग कशाला मानू. मुलाच्या जागलीचा हिशोब कुठल्याच कागदात येत नाही हे अगदी खरं आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही.

जे हातात आहे ते लिहितो. पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज गेला पाहिजे. जनावर मारलं असेल तर ४८ तासांत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवायचं नाही. बरेच अर्ज इथंच मरतात. माणूस आधी दोन दिवस हळहळतो, मग रान साफ करतो, मग अर्ज करतो. पहिलं काम मोबाईलवर फोटो: पिकाचा, खुरांचा, उकरलेल्या मातीचा, आणि एक फोटो असा की त्यात विहीर, झाड, खांब असं काहीतरी ओळखीचं दिसेल. सातबारा, आठ अ, पासबुक यांच्या झेरॉक्स मृगाच्या आधीच एका पिशवीत घालून ठेवा. वनविभागाचा १९२६ हा फुकटचा नंबर आहे, त्यावरही कळवता येतं.

करडईचं तुम्ही काढलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडं तीन मालकांनी हरभऱ्याभोवती पुन्हा सुरू केली आहे. फक्त बियाणं घेताना बघा. परभणी विद्यापीठाचा पीबीएनएस-४० हा वाण बिनकाट्याचा आहे. काढणीला सोपा, पण कुंपण म्हणून उपयोग नाही. कडेच्या तासांना काटेरी वाणच हवा, परभणी कुसुम वगैरे. आणि चार तास पुरे, एवढी काढणी घरच्या माणसांत होते.

---

जागल्या

मी हिंगोलीकडचा. आमच्याकडं बांधाला धुरा म्हणतात.

आधी एक सांगतो, मग कुंपणाच्या झटका मशीनचं सांगतो. आमच्या गावात चार वर्षांपूर्वी एका चुलत्यानं ज्वारीभोवती तार ओढून तिच्यात आकडा टाकून लाईटची लाईन सोडली होती. डुकरासाठी. पहाटे त्याचाच पुतण्या मोटार चालू करायला त्या वाटेनं गेला. चोवीस वर्षांचा पोरगा. चुलता आजही गावात खाली मान घालून फिरतो. त्या तारेनं त्याआधी महिनाभरात दोन डुकरं, एक कोल्हा आणि शेजाऱ्याची गाभण म्हैस मारली होती. तेव्हाच कुणी बोललं असतं तर. मीही बोललो नव्हतो.

लाईनचा करंट आणि झटका मशीनचा झटका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झटका मशीन बॅटरीवर चालतं, वर सोलर प्लेट. सेकंदाला एखादा ठोका तारेत जातो, क्षणाचाही नाही एवढा. जनावर दणका खाऊन मागं पळतं, मरत नाही. पण मशीन घेऊन आलं आणि काम झालं असं नसतं. आमच्या पाच जणांच्या मशीनी पहिल्या वर्षी बंद पडल्यासारख्या झाल्या होत्या. कारणं ही:

अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईला माती धरतच नाही. सळई खोल ठोका, भोवती मीठ-कोळसा घाला आणि आठवड्याला घागरभर पाणी ओता. निम्मा त्रास इथंच मिटतो.

गवत. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकलं की सगळा करंट जमिनीत. दर पंधरा दिवसांनी तारेखालची एक हात पट्टी साफ ठेवावीच लागते.

तारेची उंची. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याला. वर ठेवली तर डुक्कर खालून जातं आणि माणूस म्हणतो मशीन बेकार. हरणासाठी वर आणखी दोन तारा आणि त्यांना कापडाच्या चिंध्या, म्हणजे पळताना तार दिसते.

आम्ही पाच जणांनी मिळून एकच मोठा वेढा मारला. प्रत्येकानं वेगळा मारला असता तर खर्च जवळपास दुप्पट झाला असता. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे, त्याला कमाल रकमेची मर्यादा आहे आणि गाव यादीत असावं लागतं. आमचं नव्हतं, आम्ही पदरचे घातले. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

---

गंगथडी

पैठणच्या खालच्या अंगाला आमचा ऊस आहे. डुकरं-हरणं राहू द्या, आमच्याकडं बिबट्या आहे. तीन शेळ्या, दोन कुत्री गेली. बायका खुरपायला यायला तयार नाहीत. गावाचं म्हणणं एकच, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. जे अधिकारी आले ते म्हणाले पिंजरा लगेच मिळणार नाही, सावध राहा. सावध राहायचं म्हणजे काय करायचं? उसाला पाणी रात्रीच द्यावं लागतं, लाईटच रात्री असते.

---

बालाघाटकर

गंगथडी भाऊ, भीती खरी आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा मी तिथंच होतो. संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर माणूस दिसत नव्हता, कापूस झाडावर तसाच फुटून पडलेला. शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. माणसांवर उठलेल्या जनावराबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण तुमच्याकडचा बिबट्या कुत्री-शेळ्या नेतोय. अशाला उचलून दुसरीकडं सोडल्यावर काय होतं ते जुन्नरला दिसलंय. २००१ ते २००३ या काळात तिथं बिबटे पकडून दुसरीकडं सोडले आणि माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इकडं मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले भागात उसातल्या बिबट्यांचा अभ्यास केला, त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. त्यामुळं गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण, तिच्यावर पोसलेली कुत्री, आणि त्यांच्या मागं बिबट्या. ती घाण पुरायची सोय ग्रामपंचायतीनं केली तर पुष्कळ फरक पडतो.

शेळ्यांचा गोठा वरून बंद पाहिजे. चारी बाजूंना भिंत आणि वर आभाळ असेल तर बिबट्या आत उतरतो, बाहेर निघता येत नाही म्हणून घाबरतो आणि सगळ्या मारतो. वरून जाळी, दाराला कडी. पाणी द्यायला एकट्यानं जायचं नाही, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची, वाकून काम करताना दुसऱ्यानं उभं राहायचं. ऊसतोडीत बछडी सापडली तर हात लावू नका. त्या फडाची तोड थांबवून १९२६ ला कळवा. पिल्लं त्याच जागी राहिली तर आई रात्री येऊन घेऊन जाते. घरी आणली तर ती गावात शोधत येते, आणि मग खरा धोका.

रात्रीच्या लाईटीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. दिवसा वीज ही बिबट्याच्या भागात जीव वाचवणारी गोष्ट आहे. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीच्या फिडरसाठी जागा लागते. तुमच्या ग्रामपंचायतीनं जागा दिली आहे का तेवढं विचारा.

---

औंढेकर

पहिल्यांदाच लिहितोय. औंढा नागनाथजवळ वडिलोपार्जित पाच एकर आहे, मी पुण्यात नोकरीला. तीन एकर बटईनं दिलंय. उरलेलं दोन एकर मुरमाड, त्यात काही होत नाही. ते प्राण्यांसाठी सोडावं अशी इच्छा आहे. झाडं लावायचा विचार होता, शंभर-दोनशे ग्लिरिसिडिया, पाण्याचं टाकं वगैरे. समुदाय राखीव म्हणून जाहीर करता येतं असं वाचलं. कुठून सुरुवात करू?

---

कुरणवेडी

औंढेकर दादा, इच्छा फार चांगली आहे, पण झाडं लावू नका अशी हात जोडून विनंती. मी लातूरला शिकवते आणि सुट्टीत माळ हिंडते.

"त्यात काही होत नाही" असं ज्याला आपण म्हणतो तो माळ असतो. श्रावणात तिथं जाऊन गुडघे टेकून बघा. कुसळी दिसेल, पवन्या दिसेल, नशीब असेल तर मारवेल. त्यात चंडोल जमिनीवर घरटं करतो, एवढंसं, खुराच्या ठशाएवढ्या खळग्यात. धाविक पक्ष्याला तर उघडी मुरमाड जमीनच लागते. खोकड तिथं बीळ करतं, आणि ते शेतातले उंदीर खातं, म्हणजे तुमच्या बटईदाराचंच काम करतं. तिथं ग्लिरिसिडिया लावला, चर खोदले, की या सगळ्यांना जागा उरत नाही आणि डुकराला मात्र सावली मिळते. आपल्याकडं माळाला पडीक म्हणायची सवय लागली आहे आणि त्यापायी किती माळ गेले ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

करायचं ते एवढंच. चराई पूर्ण बंद करू नका, पावसाळ्यात फक्त दोन महिने थांबवा, गवत बी धरेपर्यंत. दिवाळीनंतर बी गळालं की कापा, पण सगळं नको. एक तृतीयांश उभं राहू द्या, पुढच्या वर्षी तो तुकडा बदला. कडेनं दोन मीटर पट्टी साफ ठेवा, वणवा आत येत नाही. मेंढपाळ दरवर्षी येत असतील तर त्यांना तोडू नका. मेंढ्या बसल्यानं माळाला खत मिळतं, आणि लांडग्याचं बीळ कुठं आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

समुदाय राखीव ही कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आलेली सोय आहे, खासगी आणि गावच्या जमिनीसाठी. पण दोन एकराला एवढा खटाटोप कशाला? आजूबाजूचे मालक जमले तर पुढं बघता येईल.

---

जागल्या

औंढेकर भाऊ, तुम्ही माझ्याच जिल्ह्यातले. एक विचारतो. बटईदाराशी बोललात का? माळावर हरणं वाढली तर जागल त्याला करायची आहे, तुम्हाला नाही. कापलेलं गवत त्याला द्या. आणि भरपाईचं. अर्जाला सातबारा तुमच्या नावाचा लागतो, पैसे तुमच्या खात्यावर येतात. बटईदाराचा घाम आणि त्याचं निम्मं बियाणं त्या पिकात असतं.

---

औंढेकर

जागल्या दादा, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. मागच्या वर्षी तुरीच्या नुकसानीची रक्कम माझ्या खात्यावर आली होती. बँकेचा मेसेज आला, मी कशाचे पैसे ते नीट बघितलंही नाही. त्याला दिलेच नाहीत. त्यानंही कधी विचारलं नाही. आमच्या वडिलांपासून तो आमच्या रानात आहे.

काल फोन केला, निम्मी रक्कम पाठवली. मग माळाचं विचारलं. तो म्हणाला, "मालक, तिथं तरस राहतंय ओढ्याच्या अंगाला, आठ-दहा वर्षं झाली. आम्ही काही बोलत नाही त्याला, ते आम्हाला बोलत नाही." मला हे माहीतच नव्हतं. झाडं लावायचं रद्द. पुढच्या महिन्यात गावी जाऊन त्याच्यासोबत माळ फिरणार आहे.

---

मालदांडी

सगळं वाचतोय. मला एक सरळ सांगा, डुक्कर मारायची परवानगी मिळते का? कुणी म्हणतं मिळते, कुणी म्हणतं जेलमध्ये जाल.

---

बालाघाटकर

दोन्ही खरं आहे. १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या नव्या याद्या लागू आहेत. रानडुक्कर आणि रोही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं कारवाई होऊ शकते, परवानगीतल्या अटींनुसारच. परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे, मोरही, त्यामुळं पिकाचं कारण सांगून हरणाला हात लावता येत नाही. आणि गावठी बॉम्ब, विष घातलेलं धान्य यांच्या वाटेला कुणी जाऊ नका. नायगावच्या बाजूला बांधावर पडलेले मोर मी उचललेत. ते विष कुणी मोरासाठी ठेवलं नव्हतं.

दादा, तुमच्याकडं शेततळं आहे का? असेल तर त्याला दोर बांधलेत का? विचारायचं कारण सांगतो. मागच्या मे महिन्यात एका अस्तराच्या शेततळ्यावर गेलो होतो. प्लास्टिकवर पाण्याच्या रेषेच्या वर चिखलाचा पातळ थर होता आणि त्यात खुरांच्या रेघा, चारही बाजूंना. हरीण रात्रभर पोहत गोल फिरलं होतं, प्रत्येक कोपऱ्यात चढायचा प्रयत्न केला होता. मधोमध तरंगत होतं. मालक म्हणाला, मागच्या वर्षी याच तळ्यात त्याच्या भाच्याचा पाय घसरला होता, नशिबानं बाजूला माणूस होता.

आम्ही त्याच दिवशी जुने टायर दोराला गुंफून चारी कोपऱ्यांत सोडले, वर खुंटीला पक्के बांधून. मधल्या दोन जागी पोत्यांत माती भरून पायऱ्यांसारखी उतरण केली. खर्च जवळजवळ नाही. त्यानंतर उतरणीवर हरणाचे, सशाचे, एकदा कोल्ह्याचे वर चढलेले ठसे मिळालेत.

---

मालदांडी

शेततळं आहे. दोर नाहीत. मागच्या उन्हाळ्यात दोन हरणं मेली होती, मी गड्याला सांगून बाहेर काढली आणि कुणाला बोललो नाही, भानगड नको म्हणून. पोरगंही तिथंच मोटारीला जातं रात्रीचं.

करडईचं बियाणं मोंढ्यात बघतो, काटेरी. तुम्ही इकडं येणार असाल तर शनिवारी या, शेजारचे दोघं-तिघं बोलावून ठेवतो, तेही कुंपणाचं विचारतायत. दोर माझ्याकडं आहेत, ट्रकचे टायर मिळाले तर तेवढे घेऊन या.

---

बालाघाटकर

शनिवारी दहापर्यंत पोचतो. टायर आठ आहेत. जागल्या भाऊ, अर्थिंग दाखवायला तुम्ही आलात तर बरं होईल, जालन्याहून सोबत जाऊ.